एवढंसं कॉलेज, आणि तेही सरकारी?

मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिलला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी इथंच जन्मली, यंदा बारावीत आहे. तिला कॉलेज पार्कच्या युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँडमध्ये प्रवेश मिळाला आहे आणि सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँडमध्येही. तिला जीवशास्त्र शिकायचंय, इतिहासही सोडवत नाही आणि तिचा जीव सेंट मेरीजवर जडलाय. आई लिहिते: ‘लिबरल आर्ट्स म्हणजे शेवटी आर्ट्सच ना? सायन्सच्या मुलीला आर्ट्स कॉलेजात कशाला घालायचं? जेमतेम सोळाशे मुलांचं कॉलेज, मंडळात नाव सांगितलं तर कुणाला माहीत नसतं. तिचे बाबा म्हणतात, एवढंसं कॉलेज आणि तेही सरकारी, पुढे पीएचडीला किंवा मेडिकलला अडेल.’

ताई, मी दुसऱ्या एका राज्यातल्या अशाच छोट्या सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजात २३ वर्षं जीवशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांची ॲडव्हायझर, म्हणजे विषय निवडायला मदत करणारी मार्गदर्शकही आहे. सेंट मेरीजमध्ये मी शिकवलेलं नाही, पण या कॉलेजांचं आपसांत जाणं-येणं असतं, त्यामुळे ते बाहेरून बऱ्यापैकी ओळखते. माझं मत आधीच सांगते. प्रवेश मिळालाय, तिची इच्छा आहे आणि पैशांचं गणित बसत असेल तर तिला जाऊ द्या. मात्र या कॉलेजात जे मिळतं ते आपोआप अंगावर येऊन पडत नाही. तिथं उठून दारावर टकटक करावी लागते. तुमची मुलगी ते करेल का, हा खरा प्रश्न आहे. नाव, आकार, सरकारी की खासगी, हे सगळं त्याच्या मागून.

आधी ‘आर्ट्स’चा गुंता सोडवू, कारण तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. दहावीनंतर आपल्याकडे तीन दारं असायची: सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. ‘ती आर्ट्सला गेली’ हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलं जायचं, ते तुम्हालाही आठवत असेल आणि मलाही. लिबरल आर्ट्समधल्या ‘आर्ट्स’चा त्या दाराशी काही संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात या नावाखाली सात विद्या शिकवत: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. संगीतही त्या काळी स्वरांच्या प्रमाणांचं गणित म्हणून शिकवलं जाई. म्हणजे सातांतल्या चार विद्या गणिताच्या घरातल्या. आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित हे बाहेरून आणून जोडलेले विषय नाहीत, ते त्या घराचे मूळ रहिवासी आहेत. जनुक-संपादनाच्या कामासाठी २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना यांनी बी.ए. केलं ते पोमोना नावाच्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात. ते खासगी आहे, पण शिकवण्याची घडी हीच. आणि हो, अशा कॉलेजांत जीवशास्त्रातही बहुधा बी.ए. मिळते. ‘बी.एस्सी. का नाही?’ असं नाशिकचे काका विचारतील. अमेरिकेतल्या पीएचडी आणि मेडिकल प्रवेशात त्या दोन अक्षरांनी काही बिघडत नाही. कोणते विषय घेतले, लॅबमध्ये काय केलं, ते पाहतात.

प्रत्यक्षात चार वर्षं कशी जातात? साधारण १२० क्रेडिट. त्यांतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त आपल्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला जातो, काही भाग सगळ्यांना सारख्या असलेल्या गाभ्याच्या विषयांना, आणि उरलेला आपल्या मनाचा. मेजर पहिल्याच दिवशी ठरवायचा नसतो, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत वेळ असतो. जीवशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर, म्हणजे जोडविषय, हे अशा कॉलेजात रोजचं आहे, त्यासाठी कुणाची खास परवानगी लागत नाही. मोठ्या विद्यापीठातही हे जमतं, पण तिथं ते दोन विभाग दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या जगांत असतात. छोट्या कॉलेजात जीवशास्त्राच्या बाई आणि इतिहासाचे सर एकाच टेबलावर जेवतात. मुलीचं नाव दोघांच्या तोंडी येतं.

सेंट मेरीजचंच एक उदाहरण सांगते, तुमच्या मुलीला ते भावेल. हे कॉलेज सेंट मेरीज सिटी या गावात आहे, नदीकाठी. नाव ‘सिटी’ असलं तरी आज ते खेडं आहे, पण १६३४ मध्ये मेरीलँडची पहिली राजधानी इथंच वसली. कॉलेजाचं नाव या गावावरून आलंय. आपल्याकडे ‘सेंट मेरीज’ म्हटलं की नन्स आणि कॉन्व्हेंट शाळा डोळ्यांसमोर येते, तसं इथं काहीच नाही. राज्याच्या विधिमंडळानं १८४० मध्ये त्या पहिल्या वसाहतीचं स्मारक म्हणून मुलींची शाळा काढली, कोणत्याही एका पंथाची नसलेली. १९६० च्या दशकात तिचं चार वर्षांचं पदवी कॉलेज झालं. शेजारीच जुन्या राजधानीच्या जागेवर खुलं संग्रहालय आहे आणि तिथं १९७० च्या दशकापासून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन उत्खननाचे वर्ग चालतात. १६३४ चा मूळ किल्ला नेमका कुठं होता, याचा शोध पिढ्यान् पिढ्या चालू होता. तो सापडल्याचं तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी २०२१ मध्ये जाहीर केलं.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१६ ची गोष्ट. कॉलेजाला नवं क्रीडांगण बांधायचं होतं. बांधकामाआधी जमीन तपासताना गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. कॉलेजानं तो विषय मातीखाली पुन्हा पुरला नाही. त्या जागी लाकूड आणि चकचकीत पोलादाचं एक स्मारक उभं राहिलं, २०२० मध्ये त्याचं लोकार्पण झालं. गुलामीच्या काळातल्या छापील मजकुरातले शब्द खोडत-खोडत, उरलेल्या शब्दांतून तयार केलेली कविता त्याच्या भिंतींवर आहे. अंधार पडला की आतल्या दिव्यानं ते शब्द भोवतालच्या जमिनीवर पडतात. उत्खननशास्त्र, इतिहास, वास्तुरचना, कविता आणि राज्याच्या पापाची कबुली, सगळं एका कॉलेजच्या आवारात. लिबरल आर्ट्स म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसत नाही, हे स्मारक सांगते.

आता ‘सरकारी’ या शब्दाकडे येऊ. अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेज म्हटलं की बहुतेकांना महागडी खासगी कॉलेजं आठवतात, ज्यांची नुसती फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या वर गेली आहे. सरकारी लिबरल आर्ट्स कॉलेजं ही वेगळी आणि दुर्मीळ जात आहे. १९८७ मध्ये त्यांनी आपली एक परिषद स्थापन केली, आज तिच्यात तीसच्या आसपास संस्था आहेत, बहुतेक राज्यांत फार तर एक. त्यांतली कित्येक मुळात आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयांसारखी होती. मिसुरीतलं ट्रूमन स्टेट १८६७ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी निघालं, न्यूयॉर्कमधलं जेनेसिओ १८७१ मध्ये, व्हर्जिनियातलं मेरी वॉशिंग्टन १९०८ मध्ये मुलींसाठी. पुढे त्यांनी ठरवून मोठं व्हायचं टाळलं आणि पदवीचं शिक्षण हेच आपलं मुख्य काम मानलं. हेतू असा, की शेतकऱ्याच्या, नर्सच्या, ट्रक चालवणाऱ्याच्या मुलालाही तसंच शिक्षण मिळावं, जे खासगी कॉलेजात पैसेवाल्यांच्या मुलांना मिळतं.

मिनेसोटातल्या मॉरिस इथल्या कॉलेजाची कहाणी तर काळजाला भिडणारी आहे. त्या आवारात आधी आदिवासी मुलांची निवासी शाळा होती, घरापासून, भाषेपासून तोडून मुलांना ठेवायची ती. १९०९ मध्ये ती जागा राज्याला मिळाली तेव्हा अट घातली गेली, की इथं शिकायला येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची नाही. १९६० मध्ये तिथं मिनेसोटा विद्यापीठाचं लिबरल आर्ट्स कॉलेज सुरू झालं, आणि ती अट आजही पाळली जाते. ‘सरकारी’ या शब्दामागे असा इतिहास आहे. बाबांना तो जरूर सांगा. सरकारी म्हणजे गळकं छप्पर आणि गैरहजर मास्तर, ही आपल्या लहानपणची धास्ती इथं सोबत आणू नये.

सेंट मेरीजला १९९२ मध्ये राज्यानं ‘ऑनर्स कॉलेज’, म्हणजे अभ्यासाचा जास्त कस लावणारं कॉलेज, असा दर्जा दिला आणि पैसे देण्याची पद्धतही बदलली. बाबवार मंजुरी घेत बसण्याऐवजी ठोक अनुदान, खर्चाचं स्वातंत्र्य कॉलेजाला. म्हणून राज्याच्या मोठ्या विद्यापीठ-व्यवस्थेच्या बाहेर राहून ते आपलं आपण चालतं.

पैशांचं मात्र नीट बघा, कारण इथं एक गैरसमज होतो. राज्यातल्या रहिवाशाला सेंट मेरीजची फी अलीकडच्या वर्षांत पंधरा हजार डॉलरच्या आसपास आहे. कॉलेज पार्कची त्याहून काही हजारांनी कमी. म्हणजे छोटं सरकारी कॉलेज मोठ्यापेक्षा स्वस्त असेल असं धरून चालू नका. लहान वर्ग चालवायला पैसे लागतात. वसतिगृह आणि जेवण वेगळं, आणि रॉकव्हिलहून रोज ये-जा होण्यासारखं अंतर नाही, गाडीनं दोन तासांच्या आसपास लागतात. पण छापील फी आणि तुम्हाला खरोखर भरावी लागणारी रक्कम यांत फरक असतो. २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजाला आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावाच लागतो. दोन्हीकडचे आकडे त्यात घालून बघा, आलेली शिष्यवृत्तीची पत्रं शेजारी ठेवा आणि एकाच वर्षाचा नव्हे तर चारही वर्षांचा हिशेब करा. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकवायला किती गुण लागतात, ते लेखी विचारा.

तुमची मुलगी इथं जन्मलेली, त्यामुळे पुढची अडचण तुम्हाला नाही. पण हे उत्तर वाचणाऱ्या काही घरांत असेल म्हणून लिहिते. मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असेल तर केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही आणि २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो. तो वाढदिवस बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षात येतो. मग एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, आणि मग रहिवाशाची फी चालू राहील की परराज्याची लागेल, हे राज्याराज्याच्या नियमावर असतं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या फी कार्यालयाला आणि वकिलाला, दोघांनाही विचारा. मी दोन मुलांना तिसऱ्या वर्षात या कात्रीत सापडलेलं पाहिलंय. घरच्यांनी सगळं प्रेमानं केलं होतं, फक्त तारीख मोजली नव्हती.

आता मूळ मुद्दा. मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. वर्गात दीडशे मुली-मुलं, प्रॅक्टिकलला बॅच, जर्नलवर सही घ्यायला रांग. सर उत्तम शिकवायचे. तीन वर्षांत त्यांच्याशी माझं बोलणं झालं असेल ते एकूण दहा मिनिटं. पुढे इथं एका मोठ्या विद्यापीठात पीएचडी करताना मी पहिल्या वर्षाच्या लॅब घेतल्या, कारण मोठ्या विद्यापीठांत ते काम पीएचडीची मुलंच करतात. माझ्या टेबलांवर २४ विद्यार्थी असायचे. त्यांची नावं, त्यांच्या चुका, कोण सूक्ष्मदर्शकातून खरोखर बघतं आणि कोण शेजारच्याचं चित्र उतरवतं, हे मला पाठ असायचं. व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकांना यांतलं काही ठाऊक नसायचं, काही शे मुलांत ते शक्यही नव्हतं. आणि माझ्या शिफारसपत्राला काही वजन नव्हतं, कारण मीच अजून विद्यार्थिनी होते. ज्यांना माहीत होतं त्यांच्या सहीला किंमत नव्हती, आणि ज्यांच्या सहीला किंमत होती त्यांना माहीत नव्हतं.

छोट्या कॉलेजात या दोन्ही गोष्टी एका माणसात येतात. पहिल्या वर्षाची लॅबसुद्धा मी घेते. जिनं सप्टेंबरात पिपेट उलटी धरली होती तीच चौथ्या वर्षी माझ्याशेजारी बसून स्वतःच्या प्रयोगाच्या आलेखावर वाद घालते, आणि मग मी तिचं पत्र लिहिते. ‘ही हुशार आहे, वर्गात पहिल्या पाच टक्क्यांत आहे’ असं पत्र कुणीही लिहू शकतं. मी लिहिते, की तिसऱ्या वर्षी तिचे सहा आठवड्यांचे नमुने फ्रीझर बंद पडून वाया गेले, त्या संध्याकाळी ती रडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नव्या वेळापत्रकासह माझ्या दारात होती. पीएचडीच्या प्रवेश समितीत बसलेला माणूस असं पत्र वाचताना थांबतो. विद्यार्थिसंख्येच्या मानानं लिबरल आर्ट्स कॉलेजांतून पीएचडीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, हे अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून दिसत आलंय. त्याचं मोठं कारण हेच, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं.

सेंट मेरीजमध्ये शेवटच्या वर्षाच्या अशा कामाला ‘सेंट मेरीज प्रोजेक्ट’ म्हणतात. एका प्राध्यापकाच्या हाताखाली स्वतःचा विषय घेऊन केलेलं दीर्घ काम, शेवटी सगळ्यांपुढे मांडायचं. कोणत्या विषयात ते सक्तीचं आणि कुठं त्याऐवजी दुसरा पर्याय आहे, ते विभागाला विचारा. माझा सल्ला विचाराल तर सक्ती नसली तरी तिनं ते करावं. नदी दारात, चेसापीकची खाडी जवळ, कालव आणि पाणगवतापासून जुन्या राजधानीतल्या धान्याच्या अवशेषांपर्यंत जीवशास्त्र आणि इतिहास एकत्र आणणारे कितीतरी प्रश्न तिला त्या एका गावात सापडतील.

मेडिकलचं म्हणाल तर ठरलेले विषय आणि त्यांच्या लॅब, एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण, रुग्णांसोबतचा अनुभव आणि पत्रं, एवढ्यावर ते चालतं. विषय इथंही पूर्ण होतात. रुग्णालय मात्र आवारात नसतं, ते सुट्टीत रॉकव्हिलला घरी राहून करावं लागेल. मोठ्या प्रयोगशाळेचा अनुभव हवा असेल तर नॅशनल सायन्स फाउंडेशनची उन्हाळी संशोधन योजना आहे, आरईयू. मानधन देऊन दहा-एक आठवडे मोठ्या विद्यापीठात काम करायला मिळतं. नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी ती खुली आहे, छोट्या कॉलेजांच्या मुलांना तिथं आवर्जून घेतात. आमची मुलं दरवर्षी जातात आणि डोळे विस्फारून परत येतात.

आता ज्या गोष्टी माहितीपत्रकात नसतात त्या.

विषयांची निवड कमी असते. आमच्या जीवशास्त्र विभागात जेवढे प्राध्यापक आहेत तेवढ्याच वरच्या वर्गांच्या शाखा. काही विषय एक वर्षाआड होतात. माझीच एक विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षी सत्रभर परदेशात गेली, नेमकं त्याच सत्रात वनस्पतींच्या शरीरक्रियेचा तिला आवश्यक असलेला वर्ग होता आणि पुन्हा तो दोन वर्षांनी होणार होता. ते मी आधी बघायला हवं होतं, तिची ॲडव्हायझर मी होते. आम्ही पर्यायी विषय मंजूर करून घेतला आणि ती वेळेत बाहेर पडली, पण त्यानंतर मी पहिल्याच भेटीत मुलांसमोर चार वर्षांचा तक्ता मांडते. तुमच्या मुलीनंही पहिल्या सत्रात तो मागून घ्यावा. एखादे प्राध्यापक वर्षभर रजेवर गेले तर ती अख्खी शाखा बंद राहते, हेही लक्षात असू द्या.

तिला इंजिनिअरिंगकडे वळायची शक्यता वाटत असेल, किंवा संगणकशास्त्र करून मोठ्या कंपन्यांच्या थेट भरतीत उतरायचं असेल, तर कॉलेज पार्क निवडा. मी हे कुरकुरत म्हणत नाहीये, मनापासून म्हणते. तीस हजार पदवी विद्यार्थ्यांच्या त्या विद्यापीठात जी यंत्रं, जे विभाग, जेवढे माजी विद्यार्थी आहेत त्याची बरोबरी सोळाशे मुलांचं कॉलेज करू शकत नाही. तिथंही ऑनर्स कॉलेज आहे, तिथंही धीट मुलं प्राध्यापकांपर्यंत पोचतात. सेंट मेरीजच्या जवळ पॅटक्संट रिव्हरचा नौदलाचा विमानतळ आहे, भौतिकशास्त्र आणि संगणकाच्या मुलांना तिथं कामं मिळतात, पण तो एक दरवाजा झाला, पन्नास नव्हेत.

दुसरी काळजी सरकारी असण्यातूनच येते. राज्याचं बजेट आणि राज्याचं राजकारण या कॉलेजांच्या वर्गापर्यंत पोचतं. फ्लोरिडाचं न्यू कॉलेज १९६४ मध्ये सुरू झालं, तेव्हा ते खासगी होतं. त्याच्या पहिल्याच तुकडीतला विल्यम थर्स्टन १९६७ ला बाहेर पडला आणि पुढे १९८२ चं फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सर्वोच्च मान, त्याला मिळाला. १९७५ मध्ये ते कॉलेज राज्यानं आपल्याकडे घेतलं. तिथं गुणांऐवजी प्राध्यापक प्रत्येक मुलाच्या कामावर लिहून अभिप्राय देत आले, इतकं जवळून शिकवणं. २०२३ च्या जानेवारीत राज्यपालांनी विश्वस्त मंडळावर सहा नवे सदस्य नेमले, कॉलेजच्या अध्यक्ष हटवल्या गेल्या, अभ्यासक्रमांची उलथापालथ झाली आणि पुष्कळ प्राध्यापक सोडून गेले. जी मुलं त्या वर्षी तिसऱ्या वर्षात होती त्यांच्या मार्गदर्शकांची खोली रिकामी झाली. त्यांचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलच्या सरकारी लिबरल आर्ट्स विद्यापीठानं पैशांच्या तुटीमुळे तत्त्वज्ञान आणि नाट्यशास्त्रासकट काही विभाग बंद करायचं ठरवलं. सेंट मेरीजलाही २०१३ मध्ये झटका बसला होता, पहिल्या वर्षाच्या शंभराहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या होत्या. मोठ्या विद्यापीठाला शंभर मुलं कमी आली तर कळतही नाही, छोट्या कॉलेजाचं त्यानं वर्षाचं गणित विस्कटतं. म्हणून भेटीला जाल तेव्हा संकोच न करता विचारा: गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला किती मुलं आली? जीवशास्त्रात आणि इतिहासात कायम प्राध्यापक किती, निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या का? पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी परत आली? ही सरकारी संस्था आहे. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. खेडं आहे, गाडी लागते. संध्याकाळी सातनंतर गावात करायला काही नसतं, जे असतं ते आवारातच. आपली मुलं तिथं बोटांवर मोजण्याइतकी असतील. मेसमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, पण तिला वरण-भात हवा असेल तर छोटा कुकर आणि वसतिगृहाचं स्वयंपाकघर, हाच उपाय. काही मुलांना हे सगळं आवडतं, काहींना नोव्हेंबरात भिंती अंगावर येतात. सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे मैत्रिणींत बिनसलं तर लपायला जागा नसते. ती आताच्या शाळेत गर्दीत हरवून जाण्यात सुख मानणारी असेल, तर हे तिला जड जाईल.

आणि मग ती दारावरची टकटक. आपण आपली मुलं भिडस्त वाढवतो. ‘सरांना उगाच त्रास देऊ नये’, ‘आधी स्वतः वाच, मग विचार’. मीही तशीच वाढले. माझ्याकडे येणाऱ्या भारतीय घरांतल्या मुली ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापक मुलांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेला, यायला फार उशिरा सुरुवात करतात. गुण उत्तम असतात, म्हणून त्यांना वाटतं यायचं कारणच काय. त्यांना अडचण असली तरच जायचं असं वाटतं. मी त्यांना सांगते, की ऑफिस अवर्स म्हणजे डॉक्टरचा दवाखाना नव्हे, दुखल्याशिवायही यायचं असतं. ‘तुम्ही परवा वर्गात जे म्हणालात त्याचं पुढं काय झालं?’ एवढा प्रश्न पुरतो. एक मुलगी माझ्याकडे पहिलं अख्खं वर्ष मागच्या बाकावर बसली, एकदाही बोलली नाही, दोन्ही सत्रांत ‘ए’. दुसऱ्या वर्षी मीच तिला बोलावलं आणि विचारलं, तुला यातलं खरोखर काय आवडतं? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.’ तिच्या आजोबांच्या शेतातल्या करप्या रोगापासून आमचं बोलणं सुरू झालं आणि चौथ्या वर्षी तिचा प्रकल्प बुरशीवर झाला. मी बोलावलं नसतं तर ती चार वर्षं ‘ए’ घेऊन निघून गेली असती, आणि तेवढंच हवं होतं तर तिनं इथं यायची गरज नव्हती.

प्रवेश पक्का करायची तारीख बहुधा १ मे असते. त्याआधी एक कामाचा दिवस काढा, शनिवारची सजवलेली भेट नको. आदल्या आठवड्यात मुलीनं स्वतः, तुम्ही नव्हे, जीवशास्त्राच्या एका आणि इतिहासाच्या एका प्राध्यापकाला ईमेल करून वीस मिनिटं मागावीत. एका वर्गात बसायची परवानगीही मागावी. त्याच आठवड्यात कॉलेज पार्कलाही हेच करून बघा. कोण उत्तर देतं, किती दिवसांत आणि काय शब्दांत, ते जपून ठेवा. भेटीच्या वेळी तिला आत एकटीला जाऊ द्या, तुम्ही आणि बाबा नदीकाठी फिरून या. आणि परतीच्या दोन तासांच्या रस्त्यात ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. त्यांनी तुला काय विचारलं आणि तू त्यांना काय विचारलंस, ते विचारा.